जुन्या पीसीचं घोडं कुठे पेंड खातं?

जुना झालेला संगणक सगळाच एका वेळी जुना होत नाही. त्याचा एखादा भाग आधी थकतो आणि बाकीचे भाग त्याची वाट बघत बसतात. तो भाग कोणता हे ओळखता आलं, तर विद्यार्थ्याला परवडेल एवढ्या पैशांत तोच संगणक पुढची तीन-चार वर्षं अभ्यासाला पुरतो. न ओळखता पैसे घातले, तर दहा हजार खर्चूनही तो होता तसाच रखडत राहतो.

मी कराडजवळच्या एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सहायक आहे. लॅबमधले पीसी चालते ठेवणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे मुलं घरच्या पीसीची गाऱ्हाणीही माझ्याकडेच आणतात. बहुतेकांच्या घरी एक डेस्कटॉप असतो. थोरल्या भावंडासाठी कधीतरी जोडून घेतलेला, त्याचं शिक्षण संपल्यावर टीव्हीशेजारी प्लास्टिकच्या कव्हराखाली गेलेला. धाकट्याचं कॉलेज सुरू झालं की तो पुन्हा बाहेर निघतो, चालू व्हायला पाच मिनिटं घेतो, आणि घरात चर्चा सुरू होते की हा विकून हप्त्यावर लॅपटॉप घ्यावा का. मला या चर्चेची काळजी वाटते. दोन वर्षांचे हप्ते ही ज्या घराला जड जाणारी गोष्ट आहे, तिथे ती टाळता येते का हे आधी नीट बघितलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या वर्षाला आलेली एक मुलगी असाच पीसी घेऊन आली. वडिलांच्या टेम्पोत घालून आणलेला. २०१४ सालची जोडणी : इंटेलचा आय-थ्री ४१३० प्रोसेसर, एच-८१ चिपसेटचा मदरबोर्ड, चार जीबीची एकच रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. तिच्या भावाचा डिप्लोमा यावरच झाला होता. तिला आता सी, जावा आणि डेटाबेसचे प्रॅक्टिकल घरी करायचे होते, आणि शेवटच्या वर्षाला मोबाईल ॲपचा विषय येणार होता. शिष्यवृत्तीतले पाच हजार रुपये तिने यासाठी बाजूला ठेवले होते. एका दुकानात तिला सांगितलं होतं, की हे भंगार आहे, हजार रुपये धरतो, नवीन घ्या. तिने मला विचारलं, "मॅडम, खरंच टाकायचा का हा?"

मी म्हटलं, आधी चालू कर, आणि आपण दोघी नुसतं बघत बसू.

हे बघत बसणं फुकट आहे आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स नावाच्या पानावर प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे आलेख चालू असतात. रोजचं काम सुरू करायचं, म्हणजे ब्राउझर, एखादी पीडीएफ, कोड लिहायचं सॉफ्टवेअर, आणि पीसी अडकला की कोणता आलेख छताला टेकलाय ते पाहायचं. तिच्या पीसीवर प्रोसेसर वीस-पंचवीस टक्क्यांवर निवांत होता. मेमरी नव्वदच्या वर होती. डिस्क मात्र सलग १०० टक्के, आणि त्याच्या शेजारी प्रत्यक्ष वेग सेकंदाला दोन एमबीसुद्धा नव्हता. मुलांना हे विसंगत वाटतं. शंभर टक्के काम चालू आहे आणि वेग एवढाच? घोडं इथेच पेंड खात होतं, म्हणून याचा हिशेब तिला मी फळ्यावर करून दाखवला.

हार्ड डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या फिरत असतात आणि एका बारीक दांडीच्या टोकावरचं हेड त्यांच्यावरून माहिती वाचतं. डेस्कटॉपमधली तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंद. त्याआधी दांडीला योग्य वर्तुळावर जाऊन थांबायला आठ-नऊ मिलिसेकंद. एक तुकडा शोधून वाचायला असे बारा-तेरा मिलिसेकंद जातात, आणि सेकंदाला जेमतेम ऐंशी तुकडे वाचून होतात. लागोपाठ ठेवलेला एखादा सिनेमा हीच डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबीने वाचते, कारण तिथे शोधाशोध नसते. विंडोज सुरू होताना मात्र हजारो लहानलहान फाइल ठिकठिकाणांहून उचलाव्या लागतात. असे दहा हजार तुकडे धरले तर नुसत्या शोधण्यात दोन मिनिटं गेली. त्या दोन मिनिटांत डिस्क खरोखर १०० टक्के राबते आहे, फक्त ती राबते आहे धावण्यात.

यामागचा इतिहास मला दर वेळी सांगावासा वाटतो. पहिली हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ साली बाजारात आणली. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, त्यात सुमारे पन्नास लाख अक्षरं मावत, आणि एक तुकडा शोधायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. पुढे आकार कमी होत गेला, साठवण लाखो पटींनी वाढली, पण शोधण्याचा वेळ काही दहा-बारा मिलिसेकंदांच्या खाली फारसा उतरला नाही, कारण तबकडी फिरायची ती फिरणारच आणि दांडी हलायची ती हलणारच. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी पहिली डिस्क सीगेट कंपनीने १९९२ साली आणली. त्याच वर्षी इंटेलचा ६६ मेगाहर्ट्झचा ४८६ प्रोसेसर बाजारात आला होता. या मुलीचा आय-थ्री ३,४०० मेगाहर्ट्झचा, शिवाय दोन गाभ्यांचा (कोअरचा). म्हणजे २०१४ सालच्या प्रोसेसरला १९९२ सालच्या चालीने फिरणारी डिस्क जोडलेली होती. दुकानदार ज्याला भंगार म्हणाला तो प्रोसेसर भंगार नव्हताच. तो रिकामा बसलेला होता.

हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या एसएसडीत फिरणारं काहीच नाही. चिपमधल्या कुठल्याही कोपऱ्यातला तुकडा ती साधारण ०.१ मिलिसेकंदात देते. दहा हजार तुकड्यांचा तोच हिशेब आता एका सेकंदावर येतो. जुन्या डेस्कटॉपमध्ये विद्यार्थ्याने पहिला रुपया इथेच घालावा, आणि रॅम अगदीच कमी नसेल तर सुरुवातीला दुसरीकडे घालूच नये, हे मी आता न बघताही सांगू शकते. तरी बघायला लावते. स्वतःच्या डोळ्यांनी आलेख पाहिलेलं मूल पुढच्या वेळी कोणाच्या सांगण्यावर पैसे घालवत नाही.

एसएसडी घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवायची. दुकानात दोन आकार दिसतात : अडीच इंची सपाट डबी आणि च्युइंगगमच्या पट्टीएवढी एम डॉट टू. पट्टी अधिक वेगवान, कधी कधी किंमतही तेवढीच, म्हणून मुलं ती घेऊन येतात. पण २०१४च्या आसपासच्या साध्या मदरबोर्डवर तिच्यासाठी जागाच नसते. अडॅप्टर लावून ती बसवली, तरी त्या काळातले बहुतेक बोर्ड तिच्यावरून विंडोज सुरू करू शकत नाहीत. अशा पीसीला साटा जोडणीची अडीच इंची डबीच घ्यावी. एच-८१ बोर्डवर चार साटा पोर्ट असतात. त्यांतले दोन जलद, सेकंदाला सहा गिगाबिटचे, आणि बोर्डवर शेजारी बारीक अक्षरात तसं छापलेलंही असतं. एसएसडीची केबल त्यांत लावायची. त्याहून जुना एच-६१ बोर्ड असेल तर त्यावर जलद पोर्ट नसतात. तरीही एसएसडी घ्यावीच, कारण आपला फायदा सलग वेगाचा नाही, शोधण्याचा वेळ वाचण्याचा आहे, आणि तो संथ पोर्टवरही जवळजवळ पूर्ण मिळतो.

आकार २४० किंवा २५६ जीबी पुरतो. सिनेमे, फोटो, जुनी कागदपत्रं यांच्यासाठी जुनी हार्ड डिस्क दुसरी म्हणून आतच राहू द्यावी. एसएसडी लिहून लिहून झिजते ही गोष्ट खरी आहे, पण तिची भीती अवास्तव आहे. साध्या २४० जीबीच्या एसएसडीला कंपन्या साधारण ८० टेराबाईट लिहिण्याची हमी देतात. दिवसाला २० जीबी लिहिलं, जे विद्यार्थ्याच्या हातून क्वचितच होतं, तर हा आकडा गाठायला दहा वर्षांहून जास्त काळ लागेल. घाबरायचं ते बनावट मालाला. दोन हजारांत दोन टेराबाईट असं कुठे दिसलं, तर आत बहुधा मोबाईलचं मेमरी कार्ड असतं आणि खोटा आकार दाखवणारी चिप असते. नाव माहीत असलेली कंपनी, बिल, आणि तीन वर्षांची वॉरंटी. एवढं मिळेल तिथूनच घ्यावी, मग दोनशे रुपये जास्त पडले तरी चालेल. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की आपल्या तालुक्याचं दुकान, बिल न देणाऱ्याकडून साठवणुकीची वस्तू घेऊ नये.

आता मेमरी. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. ओट्यावर मावलं नाही की डबे माळ्यावर जातात आणि दर फोडणीला शिडी लावावी लागते. चार जीबी रॅमवर आजचा ब्राउझर आणि विंडोज दोघंच ओटा भरून टाकतात, मग विंडोज उरलेला पसारा डिस्कवर ठेवते आणि तिथूनच परत मागवते. डिस्क शंभर टक्क्यांवर जाण्याचं निम्मं कारण बऱ्याचदा हेच असतं. म्हणून चार जीबीच्या पीसीत एसएसडीबरोबर रॅमही वाढवावी लागते. आठ जीबी हा आजचा किमान आकडा मानावा, आणि मोबाईल ॲपसाठी अँड्रॉइड स्टुडिओ चालवायचा असेल तर आठ हीसुद्धा ओढाताणच.

या पीसीला डीडीआर-थ्री रॅम लागते. तिला २४० पिना असतात. डीडीआर-फोरला २८८ असतात आणि मधली खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची रॅम बसतच नाही, जोर करू नये. डीडीआर-थ्री नवी घेण्याची गरज नाही, वापरलेली चालते. रॅममध्ये हलणारं काही नसतं, आणि इतकी वर्षं चाललेली रॅम सहसा पुढेही चालते. एक सापळा मात्र आहे. आठ जीबीची डीडीआर-थ्री फारच स्वस्त दिसली, तर ती फक्त एएमडीच्या बोर्डवर चालणारी असू शकते. तिच्यावरच्या चिपांची रचना वेगळी असते आणि इंटेलचा बोर्ड ती ओळखत नाही. विकणारा ते सांगेलच असं नाही. मी मुलांना सांगते, पीसी घेऊनच दुकानात जा, लावून दाखवायला सांग, पडद्यावर बारा जीबी दिसल्याशिवाय पैसे देऊ नको. तिच्या चार जीबीच्या जोडीला आठची घातली की बारा होते. दोन्ही पट्ट्या सारख्या नसल्या तरी इंटेलचा बोर्ड त्यांतली चार आणि चार जोडीने वापरतो आणि उरलेली चार एकेरी. जुळी जोडी मिळाली तर उत्तम, नाही मिळाली म्हणून अडून बसू नये.

आधी एक तपासून घ्यावं. कित्येक जुन्या पीसींवर ३२ बिटांची विंडोज टाकलेली असते. ती चार जीबीच्या पुढची मेमरी वापरतच नाही. रॅम घातली आणि काहीच फरक पडला नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत हे कारण नेहमी सापडतं.

किमतींबद्दल सांगायचं तर आम्ही तिच्या पीसीचं हे काम जुलैत केलं ते बरं झालं. २०२५ च्या अखेरीपासून जगभर मेमरी चिपांचे भाव चढले. सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन या कंपन्यांचं उत्पादन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे वळलं आणि घरगुती रॅम आणि एसएसडी महागल्या. त्यामुळे पुढे दिलेले माझे आकडे आज जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण क्रम बदलत नाही. उलट नवी रॅम महाग झाली तेव्हा जुन्या बाजारातली डीडीआर-थ्री आणि ती वापरणारा जुना पीसी यांची किंमत विद्यार्थ्याला अधिक कळली पाहिजे.

पीसी उघडलाच आहे तर साफसफाई. प्लग काढायचा, पॉवरचं बटण दोन-चार वेळा दाबून उरलासुरला करंट घालवायचा, हात एकदा कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावायचा म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. मग रंगाचा मऊ ब्रश आणि ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं. प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या पंख्याखाली बहुधा धुळीची गादीच निघते. ती काढून, वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट पुसून, वाटाण्याएवढी नवी लावली की प्रोसेसर पुन्हा थंड राहतो. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, त्यामुळे दुपारी संथ आणि सकाळी बरा अशी तक्रार असेल तर पैसे खर्च करण्याआधी धूळ बघा. रॅमच्या सोनेरी पट्टीवर साधा खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा आणि चुरा झटकायचा. आमच्याकडे पावसाळ्यात, नदीकाठच्या दमट हवेत, सुरूच न होणारे आणि नुसते बीप देणारे कितीतरी पीसी एवढ्यानेच बोलते होतात. आणि बोर्डवरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल. तो संपला की पीसीची तारीख दर वेळी मागे जाते, आणि तारीख चुकीची म्हणून ब्राउझर प्रत्येक साइट असुरक्षित असल्याचं सांगतो. मुलं व्हायरस समजून फॉरमॅट मारून घेतात. सेल तीस रुपयांचा असतो.

पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल, म्हणजे एसएमपीएसबद्दल, मला जास्त कळकळ आहे, कारण इथे चूक झाली तर बाकी सगळं जळतं. स्वस्त एसएमपीएसच्या डब्यावर ४५० वॅट असं ठळक लिहिलेलं असतं. तो आकडा सोडून द्यावा आणि खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते पाहावं. तिथे १६ असतील तर गुणाकार १९२ वॅट, आणि प्रोसेसर, पंखे, ग्राफिक्स कार्ड सगळं त्यावरच चालतं. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या तिच्या पीसीला शंभर वॅटही लागत नाहीत, त्यामुळे चांगल्या अवस्थेतला जुना एसएमपीएस चालला असता आणि चाललाही. पण काम वाढलं की पीसी आपोआप रीस्टार्ट होतो, जळका वास येतो, किंवा मदरबोर्डवरच्या कपॅसिटरचं डोकं फुगलेलं दिसतं, यांतलं काहीही असेल तर आधी तिथे लक्ष द्यावं. आणि एसएमपीएसचा डबा कोणीही घरी उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर विद्युतभार साठतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तसाच राहतो.

त्याच्याच जोडीला अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात, हे इतक्या घरांत ऐकते की लोक ते पीसीचा स्वभावच समजतात. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांपासून डब्याच्या पत्र्याला एकेक लहान कपॅसिटर जोडलेला असतो. वीजप्रवाहातला खरखराट अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जावा म्हणून. अर्थिंगच नसेल तर पत्रा मुख्य व्होल्टेजच्या निम्म्यावर, शंभर-सव्वाशे व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह फार थोडा असतो म्हणून फक्त झिणझिण्या येतात. पण मग आत कुठे तार सुटून पत्र्याला टेकली तर वाचवायला काही नसतं. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटला अडॅप्टरने जोडू नका. वायरमनला बोलवा. पीसीच्या कुठल्याही सुट्या भागाआधी हा खर्च करावा, असं मी प्रत्येक पालकाला सांगते.

प्रोसेसर बदलावा का, हा प्रश्न मुलं सगळ्यात आधी विचारतात आणि मी तो सगळ्यात शेवटी घेते. तिच्या बोर्डच्या सॉकेटमध्ये चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह ४५७० बसतो. दोनाऐवजी चार गाभे, आणि जुन्या बाजारात नव्या एसएसडीच्या आसपासच्या किमतीत मिळतो. मोठा प्रोजेक्ट कंपाइल करताना किंवा अँड्रॉइड स्टुडिओत त्याचा उपयोग होतो. ब्राउझर आणि छोट्या प्रोग्रामांत फारसा जाणवत नाही. आय-थ्री ५४ वॅटचा आहे, आय-फाइव्ह ८४ चा, त्यामुळे हीटसिंक आणि पंखाही तसाच लागतो. एसएसडी आणि रॅम घातल्यानंतर टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर वारंवार शंभराला टेकायला लागला, तरच. ग्राफिक्स कार्डाबद्दल तर एवढंच की संगणक शाखेच्या डिप्लोमाला ते लागत नाही. मेकॅनिकलची मुलं थ्रीडी आरेखनासाठी विचारतात, त्यांना जुनं कार्ड घेताना सांगते की जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर चालवून खातरी करा. जुन्या कार्डात नव्याचं नाव भरून विकलेली कार्डं बाजारात आहेत, आणि ते ती पकडतं.

खरा पेच विंडोजचा आहे. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती वापरासाठी नावनोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पुढे नाहीत. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. चौथ्या पिढीवर ती युक्तीने बसवणारे आहेत, पण अशा पीसीला पुढचे अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. आणि चोरीची विंडोज ॲक्टिव्हेटर चालवून टाकून देणं हा तर सर्रास चाललेला प्रकार आहे, त्याला माझा पूर्ण विरोध आहे. तो ॲक्टिव्हेटर कोणी लिहिला आणि त्यात आणखी काय भरलं, हे टाकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि त्याच पीसीवरून घरातले लोक बँकेचे व्यवहार करतात.

म्हणून तिच्या एसएसडीवर आम्ही लिनक्स मिंट टाकली. २०२४ साली आलेली २२ वी आवृत्ती, तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ती फुकट आहे, कायदेशीर आहे आणि बारा जीबी रॅमवर तर ऐसपैस चालते. सीचा कंपाइलर, जावा, पायथन, मारियाडीबी, व्हीएस कोड सगळं त्यावर आहे. मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्ये निवडला की लगेच टाइप करता येतं. नाही चालत ते मायक्रोसॉफ्ट ऑफिस, फोटोशॉप, ऑटोकॅड. त्यांच्यावाचून ज्याचं अडतं त्याला हा मार्ग सांगू नये, आणि मी सांगत नाही. बाकीच्यांसाठी लिबरऑफिस पुरतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पात लिनक्स, सी, जावा, लिबरऑफिस यांचे धडे मराठी आवाजातही आहेत. खेड्यातल्या मुलाला एकट्याने बसून शिकता यावं म्हणून केलेलं इतकं चांगलं काम अजून पुरेशा मुलांना माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

खर्चाचा हिशेब असा झाला : २५६ जीबीची एसएसडी १,७५० रुपये, आठ जीबीची वापरलेली रॅम ८५०, साटा केबल ६०, थर्मल पेस्ट १२०, सेल ३०. एकूण २,८१०. एसएसडी बसवायला ब्रॅकेट घेतला नाही. तिच्यात फिरणारं काही नसल्याने ती दोन स्क्रूंवर कशीही टेकवली तरी चालते. उरलेल्यातले ९०० रुपये युपीएसच्या नव्या बॅटरीला दिले, कारण तिच्या गावात दुपारी वीज जाते आणि जुनी बॅटरी एक मिनिटही धरत नव्हती. पाच हजारांतले १,२९० रुपये तिच्याकडे शिल्लक राहिले. पीसी आता अर्ध्या मिनिटाच्या आत कामाला तयार होतो.

असा प्रत्येक पीसी वाचतो असं मी म्हणणार नाही. डीडीआर-टू रॅमचे कोअर टू ड्युओ काळातले बोर्ड, फुगलेल्या कपॅसिटरचे बोर्ड, किंवा ज्यांचा बोर्ड आणि एसएमपीएस दोन्ही गेलेत, अशांवर पैसे घालू नयेत. त्यापेक्षा कंपन्यांनी वापरून काढलेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोव्हो थिंकसेंटर बघावेत, आणि त्यांतही आठव्या पिढीचे, म्हणजे २०१८च्या आसपासचे किंवा नंतरचे. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालते. एक लक्षात ठेवावं, या कंपन्यांच्या कित्येक मॉडेलांचे एसएमपीएस आणि बोर्ड त्यांच्या स्वतःच्या मापाचे असतात. बिघडलं तर बाजारातला साधा एसएमपीएस त्यांना बसतोच असं नाही. घेण्याआधी झाकण उघडून बघा, दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. आणि तिथेही आधी जुन्या मॉनिटर, कीबोर्ड, युपीएससह आपलं काय काय वापरता येतं ते मोजा. नुसता डबा घ्यायचा असतो तेव्हा खर्च बराच उतरतो.

तिच्या जुन्या हार्ड डिस्कवर भावाचे प्रोजेक्ट आणि घरचे फोटो होते. क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट सॉफ्टवेअरने आम्ही ती आधीच तपासली होती. खराब झालेले सेक्टर नव्हते, पण डिस्क अकरा वर्षांची. म्हणून ती आत ठेवली आणि फोटोंची एक प्रत भावाच्या लॅपटॉपवर पाठवली. शेवटच्या वर्षाला मोबाईल ॲपचा विषय सुरू झाला की ती पुन्हा टास्क मॅनेजरच्या जागी लिनक्सचा सिस्टिम मॉनिटर उघडून बघणार आहे. प्रोसेसर अडताना दिसला तर शिल्लक पैशांत थोडी भर घालून आय-फाइव्ह घेईल, नाही दिसला तर नाही.